माल बरोबर आहे, ओळख चुकलीय

आमच्या सोसायटीतले विलास कदम कुणाच्या घरी गेले की पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी विचारतात, "कॉम्प्युटर कुठाय?" मग बारसं असो, साखरपुडा असो, नाहीतर आजारी माणसाला भेटायला गेलेले असोत. कॉम्प्युटर दिसला की खुर्ची ओढतात, दोनचार बटणं दाबतात आणि त्या यंत्राच्या पोटात काय काय बसवलंय त्याची यादी पडद्यावर काढतात. मग चष्मा कपाळावर चढवून, लग्न जुळवायला आलेल्या मामाने पत्रिका वाचावी तशी ती यादी वाचतात. एखाद्या ओळीपुढे पिवळं उद्गारचिन्ह दिसलं की त्यांचा चेहरा खुलतो.

"हे बघा," ते म्हणतात, "माल बरोबर आहे, ओळख चुकलीय."

हे वाक्य त्यांच्याइतक्या वेळा दुसऱ्या कुणी भाईंदर पूर्वेत उच्चारलं असेल असं मला वाटत नाही.

मी बी विंगमध्ये राहते, ते डी विंगमध्ये. मी काशीगावच्या बाजूला एका शाळेत गणित शिकवते आणि कॉम्प्युटरची लॅबही माझ्याच गळ्यात आहे, कारण स्टाफमध्ये प्रिंटर चालू करता येणारी मी एकटीच. माझा घरचा जुना कॉम्प्युटर मी भंगारात काढायला निघाले होते. नवी सिस्टिम टाकल्यापासून त्याच्या पडद्यावरची अक्षरं सुजल्यासारखी दिसत होती. कदम तेव्हा माझ्याकडे पाण्याच्या टाकीच्या तक्रारीवर सही घ्यायला आले होते. सही राहिली बाजूला, दोन तास ते कॉम्प्युटरसमोर बसले. उठले तेव्हा अक्षरं जिथल्या तिथे होती.

"काय बिघडलं होतं?" मी विचारलं.

"काय पण नाही. तुमच्या ग्राफिक्स कार्डाला कोण ओळखतच नव्हतं."

मग त्यांनी मला जे समजावलं ते मी तुम्हाला सांगते, कारण कदम समजायचे तर हे समजायला हवं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरचा तो भाग, जो पडद्यावर चित्र काढतो. त्याला कंपनीने एक नंबर दिलेला असतो. यंत्र चालू झालं की सिस्टिम विचारते, तुझा नंबर काय? मग ती आपल्या फाइलमधली यादी बघते. यादीत नंबर असला तर कार्डाला पूर्ण काम मिळतं. नसला तर सिस्टिम त्याला 'साधं कार्ड' म्हणून कोपऱ्यात बसवते आणि ते बिचारं जेमतेम, वेडंवाकडं चित्र दाखवत राहतं. नव्या सिस्टिमच्या यादीत जुनी कार्डं नसतातच.

"कंपनी म्हणते नवीन घ्या," कदम म्हणाले. "का म्हणून? धडधाकट माणसाला, यादीत नाव नाही म्हणून तुम्ही पंगतीतून उठवणार?"

मग ते ती यादीची फाइल उघडतात. जुन्या कार्डाच्या भावकीतलं एखादं कार्ड शोधतात आणि त्याच्या ओळीखाली हा जुना नंबर टाइप करून टाकतात. सिस्टिमला वाटतं, अरे, हा आपलाच.

"म्हणजे फसवता तुम्ही तिला," मी म्हणाले. शिक्षिकेची जीभ, गप्प बसत नाही.

"फसवणं कसलं, मॅडम? सिस्टिमशी भांडायचं नसतं. तिला जे नाव माहितीय ते नाव सांगायचं. कार्ड तेच राहतं, काम पण तेच करतं."

हे तत्त्वज्ञान त्यांनी कॉम्प्युटरपुरतं ठेवलं असतं तर ते चारचौघांसारखे झाले असते. सोसायटीच्या गेटवर नवा वॉचमन आला. त्याने पहिल्याच दिवशी कदमांना अडवलं आणि रजिस्टर पुढे केलं. दुसरा कुणी असता तर आवाज चढवला असता. कदम खूश झाले. म्हणाले, "सिस्टिम बरोबर काम करतेय, फक्त मी यादीत नाही." पुढचे दोन महिने ते स्वतःच्या घरी जाताना पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये नाव लिहीत होते. 'कोणाकडे' या रकान्यात 'स्वतःकडे' आणि 'भेटीचं कारण' या रकान्यात 'राहणे'. शेवटी वॉचमनच हात जोडून म्हणाला, "साहब, अब मैं आपको पहचानता हूँ, आप जाओ."

डोंगरी गावाहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईशी त्यांचा वाद तर मी कानांनी ऐकलाय. तिच्या टोपलीतली भेंडी जून आहे असं एक गिऱ्हाईक म्हणालं आणि कदम मध्ये पडले. "भेंडी बरोबर आहे, ती कोवळी म्हणून विकू नका, बियाण्याची म्हणून विका." बाई उसळली. "माजी भेंडी हाय, माज्या वाडीतली हाय, तुला काय ठाव न्हाय न् मला शिकवतंय!" कदमांनी ती सगळी जून भेंडी घेतली. त्यांनी तिचं काय केलं ते मला अजून माहीत नाही.

रेशनच्या दुकानातला किस्सा मला मेहुलभाईंनी सांगितला. मेहुलभाईंचं आमच्या बिल्डिंगखाली झेरॉक्सचं दुकान आहे आणि तिथे झेरॉक्सपेक्षा बातम्या जास्त निघतात. कदम लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत, घरात ते आणि त्यांची म्हातारी आई एवढीच माणसं. आईला रिक्षात बसवून त्यांनी दुकानात अंगठा लावायला नेलं होतं. सगळं आयुष्य रत्नागिरीकडे भात लावण्यात गेलेलं, अंगठ्यावर रेष म्हणून उरली नव्हती. मशीन काही मानेना. तिसऱ्यांदा लाल दिवा लागल्यावर कदम भर दुकानात ओरडले, "माल बरोबर आहे!" दुकानदार म्हणाला, "कदमजी, माँ को माल मत बोलो." शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. परत येताना म्हणे आई रिक्षात सारखी विचारत होती, आपण कुठल्या गावाला चाललोय. मेहुलभाईंनी हे हसत हसत सांगितलं आणि मीही हसले.

आता शाळेचं प्रकरण. ते सांगताना मला अजून घाम फुटतो.

मुलांना शंकू, गोल, दंडगोल फिरवून दाखवणारा एक प्रोग्राम मला लॅबमध्ये हवा होता. तो टाकला तर उघडतानाच म्हणायचा, तुमचं कार्ड या कामाचं नाही. मी कदमांना बोलावलं. ती माझी चूक. ते शनिवारी आले, प्रोग्रामकडे तुच्छतेने बघितलं आणि म्हणाले, "हा फक्त नाव वाचतोय, मॅडम. कामाची परीक्षा घेतच नाही. अशांना नावच द्यायचं." दीड तासात लॅबमधल्या दहाही मशीनवर त्यांनी कार्डाचं नाव बदललं. बाजारातल्या सगळ्यात भारी कार्डाचं नाव दिलं, कारण, "द्यायचंच तर मग हात आखडता कशाला?" प्रोग्राम मुकाट्याने उघडला. शंकू फिरायचा, जरा धापा टाकत फिरायचा, पण फिरायचा. मुलं टाळ्या वाजवत होती.

पुढच्याच महिन्यात तपासणी आली. शाळेत डेडस्टॉक रजिस्टर नावाची एक वही असते. शाळेतलं प्रत्येक टेबल, घंटा, नकाशा, सगळं तिच्यात लिहिलेलं असतं आणि वस्तू आणि वही जुळली नाही तर कुणाची तरी खैर नसते. आलेल्या साहेबांना दुर्दैवाने कॉम्प्युटरमधलं कळत होतं. त्यांनी यादी उघडली, कार्डाचं नाव वाचलं आणि मुख्याध्यापकांकडे बघितलं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं.

"एवढी भारी कार्डं शाळेला कुठून आली? वहीत तर नाहीत."

मी म्हटलं, नाहीच आहेत साहेब, उघडून बघा. त्यांनी एक डबा उघडायला लावला. आत धुळीने माखलेलं जुनं कार्ड. साहेबांच्या कपाळाला आणखी आठ्या पडल्या. म्हणजे भारी कार्डं होती आणि कुणीतरी काढून नेली!

जी वस्तू नाहीशी झाली ती मुळात नव्हतीच, हे मला लेखी सिद्ध करायला सांगण्यात आलं. वीस वर्षं प्रमेयं सिद्ध करतेय, पण असलं कधी केलं नव्हतं. मी फोन करून कदमांना बोलावून घेतलं. ते घाईघाईने आले, साहेबांना नमस्कार केला आणि म्हणाले, "साहेब, माल बरोबर आहे, ओळख चुकलीय."

"कुणी चुकवली?"

"मी," कदम अभिमानाने म्हणाले.

माझा खुलासा चार पानांचा झाला. कदमांना लॅबच्या उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही असा तोंडी हुकूम निघाला. शाळेच्या फाटकाबाहेर मी त्यांना जे बोलायचं ते बोलले. माझ्याही घरी पुन्हा यादी उघडायला येऊ नका म्हणाले. ते खाली मान घालून ऐकत होते.

"सॉरी, मॅडम," ते म्हणाले. आणि वर, "पण पोरांचा शंकू फिरला ना?"

खरं होतं ते, म्हणून मला आणखीच राग आला.

त्यानंतर महिनाभर आमचं बोलणं नव्हतं. गेटवर दिसले की मी मोबाइलमध्ये बघायची. एक दिवस मेहुलभाईंनी प्रश्नपत्रिका मोजता मोजता बातमी दिली. "मॅडम, विलासभाई का डब्बा बैठ गया. डिस्क ही उड गई. मैंने नयी डिस्क डाल दी, नयी सिस्टिम डाल दी, अब वो पुराना कार्ड नहीं चलता. मैं बोला, दूसरा कॉम्प्युटर ले लो ने. ऐसे देखा, जैसे मैंने गाली दी." मला मनातून थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दुनियेला ओळखी वाटणाऱ्याची स्वतःची यादी अडली होती.

शुक्रवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. कदम होते. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर. आत आले, पाणी दिलं ते प्यायले आणि 'कॉम्प्युटर कुठाय' म्हणाले नाहीत. तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"मॅडम, तुमच्या लॅबमध्ये खिडकीजवळचं एक नंबरचं मशीन आहे. त्याचं कार्ड माझ्या कार्डाच्या भावकीतलं. ते कार्ड चालवणाऱ्या फायलींचं फोल्डर मला पाहिजे. नेटवर शोधलं, सगळीकडे मोडकं मिळतंय. मला तर आत येता येत नाही. तुम्ही आणाल?"

"पुन्हा चार पानं लिहायला लावणार आहात का मला?"

ते रुमालाने उगाच चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "आई जेवत नाहीये, मॅडम. चौथा दिवस आज. चहात बुडवून बिस्कीट तेवढं जातं. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत बघू, नाहीतर नाकातून नळी घालायला लागेल."

कार्डाचा आणि जेवणाचा संबंध मला लागेना. मग त्यांनी सांगितलं. आई दोन वर्षांपासून विसरतेय. समोर घरातल्या त्या कॉम्प्युटरवर मोठ्या भावाच्या लग्नाची सीडीवरची फिल्म लागली, तरच ती घास घेते. रोज, दोन्ही वेळा. नव्या सिस्टिमने कार्डाला साधं ठरवलं आणि फिल्ममधली सगळी माणसं आडवी पसरली. आईला ती ओळखू येईनात.

"मग टीव्हीवर लावा. मोबाइलवर दाखवा."

"सगळं केलं. मोबाइल तिला दिसत नाही. टीव्हीतली माणसं परकी, असं म्हणते, पदर पुढे ओढून बसते. तो कॉम्प्युटर दादाने आणलेला. तिच्या डोक्यात पक्कं बसलंय, दादा त्याच डब्यात असतो."

शनिवारची शाळा सकाळची असते. मुलं गेल्यावर मी एक नंबरच्या मशीनमधून ते फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. मुख्याध्यापकांच्या खोलीवरून जाताना पर्स छातीशी धरली होती. जन्मात कधी कॉपी केली नाही ती पन्नाशी जवळ आल्यावर केली.

डी विंगमधल्या त्या घरात मी पहिल्यांदाच जात होते. नको इतकं नीटनेटकं घर. खिडकीशी लाकडी खुर्चीत आई बसली होती, मूठभर उरलेली. समोर टेबलावर तो कॉम्प्युटर.

"कोन हाय ती?" तिने विचारलं.

"शाळेतल्या बाई आहेत, आये."

"बस गो बाय," ती म्हणाली. मग कदमांकडे बोट करून मला हळूच विचारलं, "ह्यो कोन मानूस? सकाळधरनं घरात फिरतोय."

कदमांनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. त्यांनी मला फिल्म दाखवली. गावचा मांडव, बुद्धवंदना चाललेली, पांढऱ्या कपड्यातले नवरा-नवरी. नवऱ्याचं तोंड थाळीएवढं पसरलेलं. आई पडद्याकडे बघून म्हणाली, "ह्यो सदा नाय. सदा माजा बारीक हाय," आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मऊ भात आणि कुळथाची पिठी ताटात गार होत होती.

"सदा म्हणजे दादा," कदम माझ्याशी हळू आवाजात बोलले. "पाच वर्षं झाली त्याला जाऊन. कावीळ झाली होती."

ते कामाला बसले. फाइल उघडली, भावकीतल्या कार्डाची ओळ शोधली. मी त्यांच्या कार्डाचा नंबर कागदावरून एकेक अक्षर वाचून दाखवत होते आणि ते एका बोटाने टाइप करत होते. एरवी त्यांची बोटं पेटी वाजवल्यासारखी चालतात. फाइल सिस्टिमला दिली तर तिने नाकारली. या फाइलवर कुणाचा तरी हात फिरलाय, हे तिने ओळखलं.

"गुणपत्रिकेत फेरफार केल्याचं कळलं तिला," मी म्हणाले.

"तिची ती तपासणी एकदा बंद करून बघतो," कदम म्हणाले आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. मग फाइल पुन्हा दिली. पडदा एकदम काळा झाला. मी नास्तिक बाई, पण मनात एक ते शंभर म्हणायला लागले होते. सत्तावीसला पडदा उजळला. चित्र आवळल्यासारखं झालं, नीट जागेवर बसलं. यादीतलं पिवळं चिन्ह गेलं होतं.

कदमांनी फिल्म लावली. मांडवात एक सडपातळ, लाजरा, मोठ्या कानांचा मुलगा बसला होता. कान कदमांचेच.

आईने मान वळवली. बराच वेळ बघत राहिली. "सदा," ती म्हणाली. मग तिने कदमांकडे बघितलं, आणि मी शपथेवर सांगते, तिचे डोळे ओळखीने भरले. "आलास काय रे सदा? किती दिस वाट बगायची?"

"आलो, आये," कदम म्हणाले. "जेव आता."

ती जेवायला लागली. लहान लहान घास. कदम स्टुलावर बसून भरवत होते, हनुवटीवर सांडलेलं बोटाने पुसत होते. मी खिडकीतून बाहेर बघत बसले, कारण मला रडू आवरत नव्हतं.

"इलास कुटं हाय?" तिने मध्येच विचारलं.

"कामावर गेलाय."

"जेवला काय त्यो?"

"आल्यावर जेवेल, आये."

"त्याच्याकडं बग जरा. तुज्याबिगर त्याला कोन नाय." ताट संपत आलं तेव्हा तिने कदमांचं मनगट धरलं. "ह्यो इलासला ठेव. पिठी त्याला लय आवडते."

कदमांनी तेवढा भात वाटीत काढला, वर ताटली झाकली. आईचं तोंड पुसलं, मान उशीला टेकवली. मग वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेले. माझी जीभ गप्प बसत नाही, हे मी आधीच सांगितलंय.

"तुम्ही विलास आहात असं सांगत का नाही तिला?"

"सांगितलं ना. सुरुवातीला आठवडाभर सांगत होतो. परक्याच्या हातचं नको म्हणायची, घाबरायची." त्यांनी नळ सोडून हात धुतले. "मग म्हटलं, भांडायचं कशाला? तिला जे नाव माहितीय ते नाव सांगू. मी तोच आहे, काम पण तेच करतोय."

"आणि विलास?"

"त्याची रोज चौकशी होते, मॅडम. दोन्ही वेळा," ते म्हणाले, आणि वाटीवरची ताटली काढून, पाठ माझ्याकडे करून, ओट्याशी उभ्यानेच त्यांनी आईने विलाससाठी ठेवलेला भात खाल्ला.